टाकी 36 दिवसांवरून 21 दिवसांवर: कळंब्यातल्या एका घराच्या गॅस खर्चाचं प्रकरण

गॅस महागला की शिव्या कुणाला बसतात हे ठरलेलं आहे. पहिल्या टाकी घेऊन येणाऱ्याला, दुसऱ्या एजन्सीला, तिसऱ्या सरकारला. यातला प्रत्येक जण टाकीच्या दरातले नेमके किती रुपये धरून बसला आहे, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. ते मोजण्यासाठी इथे एक घर मांडलं आहे. हे कुण्या एका खऱ्या कुटुंबाचं घर नाही, हिशोबासाठी उभं केलेलं आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट कोल्हापूरच्या पेठांत आणि उपनगरांत रोज दिसणारी आहे.

घरात माणसं पाच: सासूबाई, नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. 2023 पर्यंत हे सगळे मंगळवार पेठेत जुन्या घरात राहायचे, मग कळंब्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. गॅस जोडणी अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आणि पेठेतल्याच एजन्सीकडे. सूनबाईंना लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळतात. तक्रार एका वाक्याची: पेठेत टाकी महिनाभर पुरून उरायची, इथे तीन आठवड्यांत संपते, आणि वर्षाला गॅसवर तेरा हजारांच्या पुढे जातात.

आधी घरातला हिशोब

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. एप्रिल 2025 चा मुंबईचा दर 852.50 रुपये धरला, तर किलोला साधारण 60 रुपये पडतात. कोल्हापुरात वाहतुकीपोटी दोन-तीन रुपयांचा फरक पडतो, तो इथे सोडून दिला आहे.

शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 165 ते 200 ग्रॅम गॅस खातो, लहान बर्नर 100 ते 130. त्यावरून या घराचा रोजचा स्वयंपाक असा बसतो: चहा आणि दूध मिळून 70 ग्रॅम, डाळ-भाताचा कुकर 60, भाकरी-चपात्यांना 140, भाजी-आमटीला 70. म्हणजे दिवसाला 340 ग्रॅम. बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा किंवा सुकं, त्याला प्रत्येक वेळी वरचे 200 ग्रॅम. महिन्याचा आकडा 11.8 किलो. या वेगाने टाकी 36 दिवस जाते, आणि पेठेत ती तशीच जात होती. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना खोबरं, कांदा, मिरची भाजण्यात आणखी थोडा गॅस जातो, पण वर्षाच्या हिशोबात तो जाणवत नाही.

मग बाकीचे दिवस गेले कुठे? आंघोळीच्या पाण्यात.

पेठेतल्या घरात परसात तांब्याचा बंब होता. गावाकडून येणारी चिपाडं, शेणी आणि सुतारकामातले लाकडाचे तुकडे त्यात जायचे. फ्लॅटमध्ये बंब पेटवता येत नाही, धूर वरच्या घरात जातो. त्यामुळे मोठ्या पातेल्यात पाणी तापवून बादलीत ओतणं सुरू झालं. एका माणसाला 40 अंशांचं 18 लिटर पाणी, नळाचं पाणी 24 अंशांचं, म्हणजे 288 किलोकॅलरी उष्णता. उघड्या पातेल्यात निम्मी उष्णता हवेत जाते. एक किलो गॅसमधून साधारण 10,900 किलोकॅलरी निघतात, तेव्हा बादलीमागे 53 ग्रॅम. पाच बादल्यांना दिवसाला 265 ग्रॅम, महिन्याला जवळपास आठ किलो. महिन्याला अर्ध्या टाकीहून जास्त गॅस न्हाणीघरात वाहून जातो! टाकी 21 दिवसांवर येते ती यामुळे.

एप्रिल-मे सोडून दहा महिने पाणी तापतं असं धरलं, तर वर्षाला स्वयंपाकाच्या 10 आणि आंघोळीच्या 5.6 टाक्या. आता नोव्हेंबर 2020 शी तुलना करू. तेव्हा मुंबईत टाकी 594 रुपयांना होती आणि घरात बंब चालू होता, म्हणजे वर्षाचा खर्च 5,940. 2025 च्या दराने 13,300. वाढ 7,360 रुपयांची. त्यातले 2,585 रुपये त्याच दहा टाक्यांचा दर वाढल्याचे. उरलेले 4,775 बंब गेल्याचे.

यावरून कुटुंबालाच दोषी धरायची घाई कुणी करू नये. जळण पूर्वी फुकट वाटायचं कारण ते गोळा करणाऱ्या, फोडणाऱ्या आणि धुरात डोळे चोळणाऱ्या बाईच्या कष्टाला कुणी दर लावला नव्हता. आता तो खर्च पावतीवर दिसतो, इतकंच. मात्र दर आणि वापर वेगळे केले नाहीत, तर दोषही चुकीच्या माणसाला लागतो आणि उपायही चुकीचा केला जातो.

टाकीचे पैसे कुणाकडे जातात

852.50 मध्ये 5 टक्के जीएसटी म्हणजे सुमारे 40 रुपये 60 पैसे, केंद्र आणि राज्यात निम्मे-निम्मे. वितरकाचं कमिशन 2024 च्या दराने सुमारे 73 रुपये, त्यातले 33 च्या आसपास घरपोच करण्याचे. उरलेले जवळपास 739 रुपये गॅसची किंमत, जहाजाचं भाडं, विमा, बंदराचा खर्च, टाक्या भरण्याचा खर्च आणि कंपनीच्या वाट्याचे. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात आधी राग निघतो, त्या एजन्सीकडे शंभरातले नऊही रुपये जात नाहीत.

2024-25 मध्ये देशात वापरला जाणारा सुमारे 60 टक्के एलपीजी बाहेरून येत होता, त्यातला बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. इथला दर सौदी अरामको ही तिथली सरकारी तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते त्या प्रोपेन आणि ब्युटेनच्या, म्हणजे टाकीतल्या दोन वायूंच्या, दरांवर बेतलेला असतो. हे दर कसे हलतात ते पाहण्यासारखं आहे. एप्रिल 2020 मध्ये प्रोपेन टनाला 230 डॉलर, ब्युटेन 240. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर एप्रिल 2022 मध्ये 940 आणि 960. दोन वर्षांत चौपट. त्यात रुपया 2021 च्या सुमाराला डॉलरला 74-75 होता, तो 2025 च्या सुरुवातीला 87 च्या आसपास गेला. सौदीने दर तसाच ठेवला तरी एवढ्यानेच टाकीचा माल सहाव्या हिश्श्याइतका महाग होतो.

तेव्हा 'जगात महागलं म्हणून इथे महागलं' हे खरं आहे, पण अर्धंच. दोन तारखा शेजारी ठेवल्या की दुसरा अर्धा भाग दिसतो.

जुलै 2023 मध्ये प्रोपेन-ब्युटेन मिळून सौदीचा सरासरी दर टनाला 385 डॉलरपर्यंत उतरला. टाकीतल्या 14.2 किलोची किंमत तेव्हाच्या 82 रुपयांच्या डॉलरने 448 रुपये. इथे मागच्या महिन्याचा दर पुढच्या महिन्याला लागू होतो, म्हणजे ऑगस्टमध्ये तो दिसायला हवा होता. ऑगस्टचे 29 दिवस मुंबईत टाकी 1,102.50 लाच विकली जात होती. कर आणि कमिशन वजा केलं तरी कंपनीकडे 980 च्या वर उरत होते. भाडं, विमा, भराईला सढळ हाताने धरलं तरी हा फरक भरून निघत नाही. तो आधीच्या वर्षांचा तोटा भरून काढण्यात जात होता. शिवाय त्याच तोट्यापोटी ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना 22,000 कोटी दिले होते.

आता फेब्रुवारी 2025. सौदीचा सरासरी दर 629 डॉलर, 14.2 किलोची किंमत सुमारे 777 रुपये. मुंबईचा दर 802.50. कर आणि कमिशन काढल्यावर हातात 691. म्हणजे नुसत्या गॅसवरच टाकीमागे 86 रुपयांची खोट, वाहतूक वेगळीच. हा तोटा कंपन्यांनी सोसला आणि त्यापोटी ऑगस्ट 2025 मध्ये 30,000 कोटी मंजूर झाले. हे पैसे शेवटी करातूनच येतात, म्हणजे या घरातूनही.

थोडक्यात, स्वस्ताईच्या काळात ग्राहकाने जास्त दिले आणि महागाईच्या काळात कमी. दर कधी हलवायचा हे बाजार ठरवत नाही, दिल्ली ठरवते. 30 ऑगस्ट 2023 ला 200 रुपये उतरले ते रक्षाबंधनाच्या दिवशी, 2024 मध्ये 100 उतरले ते महिला दिनी जाहीर होऊन, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर.

सगळ्यात मोठा दोष, ज्याची पावती कधी आली नाही

नोव्हेंबर 2018 मध्ये दिल्लीत विनाअनुदानित टाकी 942.50 ला होती. एप्रिल 2025 च्या दरापेक्षा महाग. तरी तेव्हा घराघरांत आजच्यासारखी ओरड नव्हती, कारण सुमारे 435 रुपये खात्यावर परत येत होते आणि टाकी प्रत्यक्षात 507 ला पडत होती. 2015 पासून देशभर चाललेली ही व्यवस्था मे 2020 मध्ये थांबली. त्या महिन्यात जागतिक दर इतका पडला की मुंबईत टाकी 579 ला आली, अनुदानित आणि विनाअनुदानित दर एकच झाला आणि खात्यावर येणारी रक्कम शून्य झाली. इथवर त्यात गैर काही नव्हतं. पुढे दर 594, 819, 899.50 असा चढत गेला, पण अनुदान शून्यावरच राहिलं. जून 2020 पासून सर्वसाधारण ग्राहकाला अनुदान दिलेलं नाही, हे पेट्रोलियम सचिवांनी उघड सांगितलं ते जून 2022 मध्ये. दोन वर्षं लोक बँकेत जाऊन आधार जोडलंय का, खातं चालू आहे का हे विचारत होते.

उज्ज्वला योजनेतल्या घरांना मे 2022 पासून 200 आणि ऑक्टोबर 2023 पासून 300 रुपये मिळू लागले. 2025-26 साठी ते वर्षाला नऊ टाक्यांपुरते होते. कळंब्यातलं हे घर उज्ज्वलात बसत नाही, कारण जोडणी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आमच्या मते दोषाचा क्रम लावायचा तर तो असा: अनुदान न सांगता बंद ठेवणं पहिलं, दर उतरवायला केलेला उशीर दुसरा, जागतिक दर आणि रुपया तिसरा. जागतिक दर रुपयांत सर्वात मोठा असूनही तिसरा ठेवला, कारण त्याच्यावर इथे कुणाचा हात चालत नाही. पहिल्या दोन गोष्टी मात्र निर्णयाने झाल्या आहेत. एजन्सी या यादीत बरीच खाली येते. पावतीवर आज फक्त मूळ किंमत आणि कर दिसतो. त्याच कागदावर सौदीचा दर, डॉलरचा भाव, वाहतूक आणि कमिशन छापायला दोन ओळी पुरतील. ती मागणी ग्राहक पंचायतींनी लावून धरावी.

गल्लीतली गळती

या घरातून टाकीमागे वरचे 50 रुपये जातात. नियम असा की घरपोच करण्याचे पैसे दरातच आहेत, मजला कितीही असला तरी वेगळे द्यायचे नाहीत. पण इथे पेच वेगळा आहे. जोडणी पेठेतल्या एजन्सीकडे आणि घर कळंब्यात, एजन्सीच्या हद्दीबाहेर. टाकी आणणारा माणूस इतक्या लांब येतो ते उपकार म्हणून, आणि 50 रुपये मागतो. भांडून उपयोग नाही, पत्ता बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. वर्षाला हे पावणेआठशे होतात.

दुसरी गोष्ट वजनाची. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. समजा 15.3 आहे. त्यात 14.2 मिळवले की 29.5 किलो. टाकी आणणाऱ्याकडे काटा असणं बंधनकारक आहे. टाकी कडीला अडकवून जमिनीपासून पूर्ण वर उचलायची. पायरीला किंवा बुटाला टेकली तर आकडा चुकतो. दीडशे ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, त्यापेक्षा कमी भरली तर घ्यायची नाही. अर्धा किलो कमी म्हणजे 30 रुपये. त्याच पट्टीवर 'सी-27' असं काहीतरी असतं: ए म्हणजे जानेवारी-मार्च, बी एप्रिल-जून, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर, आणि पुढे साल. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख, ती उलटलेली टाकी परत करायची. मोबाईलवर आलेला कोड वजन पाहिल्यावरच सांगावा. आधी सांगितला की टाकी मिळाल्याची नोंद होते आणि मग तक्रारीत दम राहत नाही.

तिसरी शेगडी. मोठ्या बर्नरची ज्योत टोकाला पिवळी आहे आणि तव्याचा बुडखा काळा होतोय, म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. कारण बहुतेक वेळा दूध उतू जाऊन बुजलेली भोकं. बर्नरचं वरचं झाकण सोडा टाकलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून टाचणीने एकेक भोक मोकळं करायचं, पूर्ण वाळवून मगच बसवायचं. झाकण जरा तिरकं बसलं तरी ज्योत एका बाजूला पळते. खालच्या जेटला मात्र सुई लावायची नाही. पितळेचं ते भोक किंचित मोठं झालं की गॅस जास्त येतो, ज्योत पुन्हा पिवळी होते आणि टाकी आणखी लवकर संपते. शेगडी दुरुस्त करून आणल्यावर गॅस जास्त जातो अशी तक्रार असते, तिचं मूळ अनेकदा इथेच असतं. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडीने कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही आणि 1906 ला फोन.

काय केलं तर किती वाचतं

पाण्यापासून सुरुवात, कारण पैसा तिथे आहे. पातेल्यावर झाकण, पाणी उकळायचं नाही, हाताला सोसेल इतकंच तापवायचं, आणि बादली 18 ऐवजी 12 लिटरची. एवढ्याने बादलीमागे 53 ग्रॅमचे 29 होतात. दहा महिन्यांत 35 किलो, म्हणजे अडीच टाक्या, म्हणजे सुमारे 2,100 रुपये.

विजेचा गिझर घ्यावा का? या घराचं बिल आधीच 100 युनिटच्या पुढे असतं. 2024-25 च्या महावितरणच्या दरात पहिल्या 100 युनिटला वहन आकारासह सुमारे 5.90 रुपये आणि पुढच्या टप्प्याला 11.45 च्या आसपास, वर 16 टक्के शुल्क. आंघोळीला महिन्याला लागणारी सुमारे 56 युनिटं वरच्या टप्प्यात पडली तर 740 रुपये, गॅसवर तेच 477. बिल 100 च्या आत राहणाऱ्या घराला मात्र वीज स्वस्त पडते. गॅस गिझर पातेल्यापेक्षा बराच काटकसरी आहे, पण तो बंद न्हाणीघरात लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. तो बाहेर, उघड्या हवेत लावायचा आणि फक्त पाण्याची नळी आत आणायची. गच्चीवर सौर बंबाला मालकाची परवानगी मिळाली तर सगळ्यात उत्तम, पण कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबता येत नाही.

शेगडी साफ केल्याने आणि मटण उघड्या पातेल्याऐवजी कुकरला शिजवल्याने स्वयंपाकाचे वर्षाला दहा-अकरा किलो कमी व्हायला हरकत नाही. गॅस लागतो तो मटण शिजायला. रश्शाला फोडणी नंतर देता येते, चव जात नाही. सगळं धरून साडेपंधरा टाक्यांच्या सव्वाबारा होतात, खर्च 10,500.

राहिली जोडणी, आणि या घरात ती सगळ्यात महत्त्वाची. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत, 2024 च्या नियमांनुसार, लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबाला वर्षाला तीन टाक्यांचे पैसे खात्यावर मिळतात, टाकीला सुमारे 830 रुपयांपर्यंत, महिन्याला एकाच टाकीचे. अट अशी की जोडणी बाईच्या नावावर हवी. एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी, आणि 1 जुलै 2024 नंतर विभक्त केलेलं रेशनकार्ड चालत नाही. सासऱ्यांच्या नावामुळे हे घर दरवर्षी जवळपास अडीच हजारांवर पाणी सोडतंय, म्हणजे दरवाढीच्या 2,585 च्या जवळपास जाणाऱ्या रकमेवर.

नाव बदलायला आधी पेठेतल्या जुन्या एजन्सीतच जायचं. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सासूबाई आणि इतर वारसांचं संमतीपत्र, सूनबाईंचं आधार आणि रेशनकार्ड, केवायसीचा अर्ज, जोडणीचा मूळ कागद आणि गॅसचं पुस्तक. मूळ कागद हरवला असेल तर तसं लेखी द्यावं लागतं. वारसाच्या नावावर करताना वाढीव अनामत भरायची नसते, कुणी मागितली तर पावती मागावी. नाव झाल्यावर आधार पडताळणी करून घ्यायची, आणि मगच कळंब्याच्या हद्दीतल्या एजन्सीकडे जोडणी हलवायची. त्याच शहरात हलवताना टाकी आणि रेग्युलेटर जमा करावे लागत नाहीत, भाडेकरार आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. क्रम उलटा केला, पत्ता आधी आणि नाव नंतर, तर नवी एजन्सी मयताच्या नावावरची जोडणी पुढे सरकवत नाही आणि कागद दोन खिडक्यांच्या मधे अडकतात.